चार्ज दिल्याशिवाय

जगात कंटाळवाणी माणसं पुष्कळ असतात, पण तिन्ही पाळ्यांत अखंड कंटाळा तयार करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं फुटकं की तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीने तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात माळ घातली, ती तेव्हापासून माझ्या गळ्याला काचते आहे. साडू मूळचे फैजपूरकडचे, घरच्या केळीच्या बागा. भावांनी बागा राखल्या आणि हे एकटे तापीकाठच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळायला गेले. तिथल्या सगळ्यांत जुन्या युनिटच्या कंट्रोल रूममध्ये, म्हणजे जिथे बसून एक बॉयलर आणि एक टर्बाइन सांभाळायचं त्या खोलीत, त्यांनी सगळी नोकरी काढली. त्या नोकरीने त्यांना पगार दिला, क्वार्टर दिलं आणि माणसासारखं बोलणं तेवढं काढून घेतलं. "कसे आहात?" या प्रश्नाला "बरा आहे" असं उत्तर त्यांच्याकडून कधी आलं नाही. आधी मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि मग म्हणायचं, "स्थिर." अंगात ताप असला तर, "जरा लोड कमी केलाय." त्यांना मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यात गेलो, तर हे दारातच मला म्हणाले, "दोन्ही युनिट स्थिर." मेहुणी आतून ऐकत होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं ते मी पाहिलं.

केंद्राचा इतिहास त्यांना तोंडपाठ, आणि तो ऐकवायला त्यांना कुठलीही वेळ चालते. सुरुवात नेहमी बाभळींपासून. "भाऊसाहेब, तिथं आधी नुसत्या बाभळी होत्या." मग बाभळी तोडल्या जातात, पाया खणला जातो, चिमणी हात हात करत वर चढते, कोळशाची पहिली मालगाडी येते, इंजिनाला हार घातला जातो, आणि तोवर ऐकणाऱ्याच्या ताटातली पोळी थंड होते. माझ्या मुलीला बघायला धुळ्याची मंडळी आली होती. मुलाचे वडील सभ्य गृहस्थ. त्यांची चूक एवढीच की त्यांनी रीत म्हणून साडूंना "तुम्ही कुठे असता?" असं विचारलं. झालं. कोळसा चक्कीत कसा दळतात, तो मैद्यासारखा कसा होतो, पंख्याच्या वाऱ्यावर बॉयलरमध्ये कसा उडवतात, पाण्याची वाफ कशी होते, ती वाफ पात्यांवर आदळून टर्बाइनचा दांडा मिनिटाला तीन हजार वेळा कसा फिरवते आणि त्या दांड्याला जोडलेल्या जनित्रातून वीज कशी निघते, हे सगळं त्यांनी वरणभातापासून श्रीखंडापर्यंत सांगितलं. राखेवर आले तेव्हा मुलाची आई उठून हात धुवायला गेली. मुलगी पसंत पडली ती तिच्या गुणांमुळे. साडूंनी आपल्याकडून होता होईल तेवढं विघ्न आणलं होतं.

एकदा मेहुणी बाजारात गेली होती आणि मला चहा करून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी भगुणं गॅसवर ठेवलं, वर झाकण ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "हे भगुणं म्हणजे बॉयलर. हे झाकण म्हणजे टर्बाइन. पाह्यलं का, कसं उडू राह्यलं!" झाकण उडत राहिलं, हे बोलत राहिले, पाणी आटत राहिलं. शेवटी भगुण्याच्या तळाशी काळी ठिक्कर चहापत्ती तेवढी उरली. माणूस ओशाळला असता. यांनी भगुणं माझ्या नाकाखाली धरलं आणि समाधानाने म्हणाले, "बॉयलरच्या ड्रममधलं पाणी मधल्या खुणेच्या खाली गेलं की नळ्या अशा जळतात." चहा मी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन प्यालो.

त्यांच्या वरच्या खिशात पेनाशेजारी एक निळी काच असायची. बॉयलरच्या भिंतीला छोटी झरोक्यासारखी भोकं असतात, त्यातून आतली ज्योत बघायची तर डोळे दिपतात, म्हणून ही काच. ती केंद्रात शोभली असती. हे ती घेऊन होळीला जात, होमापुढे बसत, आणि एका थंडीत ती घेऊन भावाच्या शेतात भरीत पार्टीला आले. आता वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची हे आमच्याकडे जन्माला आलेल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. पण साडू जाळापुढे उकिडवे बसले, डोळ्याला काच लावली आणि मान हलवून म्हणाले, "हवा जास्त होऊ राह्यली. अर्धी उष्णता वाया." मग त्यांनी काड्या नव्याने रचल्या, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला, वरून दुसरा पत्रा ठेवला. दहा मिनिटांत सगळा मळा धुराने भरला. बायका पदर नाकाला लावून केळीत शिरल्या. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, डोळे पुसत ओरडले, "अरे, आपल्याले वांगं भाजायचंय, टर्बाइन नाही फिरवायचं!" त्या दिवशी आम्ही कच्ची वांगी ठेचून खाल्ली. साडूंनी दोनदा घेतलं आणि भरीत उत्तम झाल्याचं जाहीर केलं.

आमचे सासरे, नाना, धुळ्याला देवपुरात राहायचे. उन्हाळ्यात दोन्ही जावई सहकुटुंब तिथे जमायचो, आणि आम्ही जेवायला बसलो की वीज हटकून जायची. नाना हातातला पंखा हलवत अहिराणीत म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही वीज बनाडतस ना? मंग आमना घरमा अंधार कसा शे? बठ्ठी मुंबईले जास का?" साडू शांतपणे भात कालवत उत्तर द्यायचे, "नाना, सगळी नाही जात. बनवणारे आम्ही. वाटणारे निराळे." यावर नाना पोट धरून हसायचे आणि मग, मला अजून नवल वाटतं, स्वतःहून विचारायचे, "बरं, त्या बाभळी तोड्यात, मंग काय व्हयनं?" सगळ्या खानदेशात तो इतिहास मागून ऐकणारा माणूस एकच, आणि तो आमच्या सासऱ्यांच्या रूपाने साडूंना मिळाला. मी थोरला जावई. नानांना महिन्याला पत्र पाठवणारा, दिवाळीला धोतरजोडी नेणारा. माझ्या पाटबंधारे खात्याबद्दल नानांनी जन्मात एक प्रश्न विचारला नाही.

पण या माणसाचा खरा रोग वेगळाच होता. केंद्रात एक नियम असतो. पाळी संपली म्हणून उठून चालू लागायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस, ज्याला ते रिलिव्हर म्हणतात, तो आला पाहिजे. त्याने लॉगबुक वाचलं पाहिजे, काय चालू, काय बंद ते विचारलं पाहिजे, खाली सही केली पाहिजे. त्याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. नियम चांगला आहे, बॉयलरसाठी. साडूंनी तो सगळ्या जगाला लावला. एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली, मांडववाले गाद्या गुंडाळू लागले, तरी हे बादली घेऊन उभे. मी म्हटलं, "अहो, ठेवा ना खाली." तर म्हणाले, "घ्यायला कुणी आलं नाही अजून." मी स्वतः कारकून माणूस. साडेपाचचा ठोका पडला की "महोदय"मधला "य" दुसऱ्या दिवसासाठी ठेवून उठायचो. माझं टेबल माझ्यामागे कोण सांभाळतो, सांभाळतो की नाही, याची मी तीस वर्षांत चौकशी केली नाही आणि खातं काही बुडालं नाही. त्यामुळे बादली धरून उभ्या राहिलेल्या त्या ध्यानाकडे पाहून मला हसू आलं, आणि ती गोष्ट मी पुढे कित्येक घरी रंगवून सांगितली.

नाना गेले त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. पहाटे गेले. मी जळगावहून पहिली गाडी धरून देवपुरात पोचलो. मेहुणी मुलीला घेऊन आली, साडू ड्युटीवर होते, निरोप गेला होता. "दुपारी सुटले की निघतील," ती म्हणाली. दुपार झाली. पांझरेच्या काठी सगळी तयारी झाली, ऊन चढलं, म्हातारी माणसं "आता उचला" म्हणू लागली. मेहुणी दाराला टेकून रस्त्याकडे बघत उभी होती. तासभर थांबलो आणि मग उचललं. साडू आले तेव्हा दिवे लागले होते. अंगावर ड्युटीचा, कोळशाने मळलेला खाकी शर्ट, खिशात तीच काच. मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "कुठे होता?" ते म्हणाले, "रिलिव्हर आला नव्हता." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमच्यावाचून बंद पडलं असतं का ते धूड? पडू द्यायचं होतं! नानांपेक्षा मोठं झालं का?" त्यांनी पाय धुतले, आत गेले आणि नानांना जिथे ठेवलं होतं तिथे भिंतीला पाठ न टेकता बसून राहिले. मी ती गोष्ट त्यांना माफ केली नाही. पुढची कैक वर्षं आम्ही भेटत होतो, जेवत होतो, ते बाभळी सांगत होते, मी ऐकत होतो, पण मनातून मी त्यांना त्या संध्याकाळीच उतरवलं होतं.

मग जुन्या युनिटचं वय झालं. शेजारी नवी मोठी युनिटं उभी राहिली होती. जुनं कोळसा जास्त खातं आणि धूर जास्त ओकतं, तेव्हा बंद करून भंगारात काढायचं ठरलं. साडूंच्या निवृत्तीचा महिना तोच. त्यांनी तोवर जळगावात मेहरूणला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटांचं घर बांधून ठेवलं होतं. "भाऊसाहेब, ह्या भिंतीत माह्याच हातचा कोळसा आहे," असं प्रत्येक भिंतीपुढे उभं राहून सांगून झालं होतं. ज्या दिवशी युनिट बंद झालं त्या दिवशी सकाळची पाळी त्यांची होती. दुपारी चारला मेहुणीचा फोन आला. तिचा आवाज नानांच्या वेळी होता तसाच. "भाऊजी, हे उठत नाहीयेत खुर्चीतून. तिथून फोन आला. रिलिव्हर यायचाय म्हणतात. आता कुठला रिलिव्हर येणार आहे, भाऊजी?"

मी निघालो तो मनाशी चार सणसणीत वाक्यं जुळवतच. फाटकावर नव्या युनिटच्या एक इंजिनिअर बाई उभ्या होत्या, त्यांनी मला वर नेलं. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "बॉयलर विझलाय, वाफ बंद आहे. फक्त टर्बाइनचा दांडा छोट्या मोटरीवर हळूहळू फिरतोय. आता ते सगळं भंगारात जाणार, तेव्हा ती मोटर बंद करू म्हटलं तर हे हात लावू देत नाहीत. मी सही करते म्हटलं तर म्हणतात, तुमची शिफ्ट इकडची नाही." खोलीत पाऊल टाकलं तर माझी चार वाक्यं घशातच राहिली. आयुष्यभर मी त्या खोलीचं वर्णन ऐकलं होतं, घरघर, थरथर, दिव्यांची उघडझाप. तिथे काहीही नव्हतं. भिंतभर तबकड्या आणि सगळ्यांचे काटे खाली पडलेले. टेबलावर निरोपाचा हार, पेढ्यांचा रिकामा खोका, उघडं लॉगबुक. आणि खुर्चीत आमचे साडू, ताठ, नवा शर्ट घातलेले.

"चला घरी," मी म्हटलं.

"रिलिव्हर आला नाही अजून."

तेच वाक्य. तोच माणूस. मला पुन्हा तसाच संताप आला आणि त्या संतापात मी म्हणालो, "आणा इकडे ते पुस्तक. मी घेतो चार्ज."

ते माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिले. "तुम्हाले येतं का काही?"

"तीस वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?"

मग त्या माणसाने, खोटं सांगत नाही, माझी परीक्षा घेतली. "ड्रममधलं पाणी?" मी म्हटलं, "मधल्या खुणेवर. वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये, खाली गेलं तर नळ्या जळतात." "ज्योत लालसर, धुरकट दिसली तर?" "हवा कमी आहे." "दांड्याचे फेरे?" "मिनिटाला तीन हजार." इंजिनिअर बाई आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. माझं मलाच नवल वाटत होतं. ज्या बडबडीकडे मी श्रीखंड खात दुर्लक्ष केलं असं समजत होतो, ती सगळी आत जाऊन बसली होती.

"आणि बंद केल्यावर?" त्यांनी सावकाश विचारलं.

हेही मला येत होतं. देवपुरात, अंधारात, नानांनी विचारलं होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या ऐकलं होतं. "एकदम थांबवायचं नाही," मी म्हणालो. "दांडा तापलेला असतो. थांबवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. गार होईपर्यंत हळूहळू फिरवत ठेवायचा."

त्यांनी लॉगबुक माझ्याकडे सरकवलं. एक एक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. बॉयलर बंद. चक्क्या बंद. पंखे बंद. दांडा मोटरीवर फिरता, चांगला. मी खाली सही केली. ते उठले, निळी काच खिशातून काढून टेबलावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाना गेले तेव्हा काही बिघडलं नव्हतं, भाऊसाहेब. बठ्ठं स्थिर होतं. पण मी उठलो असतो तर इथं कोणीच नव्हतं. नानांचा चार्ज तुम्ही घेतला म्हणून मी इथं बसू शकलो." एवढं बोलून ते जिना उतरून गेले.  इतकी वर्षं ज्या माणसाला मी उरावर घेऊन फिरत होतो, तो माझ्या भरवशावर बसला होता हे मला त्या खोलीत कळलं, आणि लाज वाटली.

बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, आता बंद करू?"

मी खिडकीशी गेलो. खाली साडू रिकामे हात हलवत फाटकाकडे चालले होते. "थोडं फिरू द्या," मी म्हटलं. आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. मेहुणी आणि मुलगी रिक्षा घेऊन आल्या होत्या. ते रिक्षात बसले, रिक्षा वळली, धूळ खाली बसली. तरीही मी बराच वेळ बसलो. साडेपाच केव्हाच वाजून गेले होते. मग मी मान हलवली, बाईंनी बटण दाबलं, आणि कुठेतरी खाली जे अगदी बारीक घरघरत होतं ते थांबलं.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते आता मेहरूणच्या घरी असतात. शांततेत त्यांना दुपारची झोप लागत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत बाकावर जाऊन झोपतात. गिरणीवाला कंटाळला आहे, कारण त्याच्या पट्ट्याचा वेग कमी असल्याचं ते त्याला रोज सांगतात. संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात, आणि बसायच्या आधी न चुकता विचारतात, "युनिट कसं आहे?" त्यांना खरं माहीत नसेल असं नाही. तीस वर्षं ज्याने तो दांडा फिरवला, त्याला तो किती दिवसांत गार होतो ते मी काय सांगणार?

मागच्या आठवड्यात पेपरात फोटो होता. टर्बाइनचे तुकडे करून ट्रकवर चढवले आहेत आणि पुढच्या महिन्यात चिमणी पाडणार आहेत. साडू फाटकातून आत येताना दिसले तसा मी पेपर घडी करून मांडीखाली घेतला. ते खुर्चीशी उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"युनिट कसं आहे, भाऊसाहेब?"

"स्थिर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी चहाची बशी उचलली.